वाचक विचारतात: ‘शिबलेथ’ सोडायचा म्हणजे काय सोडायचं?

प्रश्न : एका इंग्रजी अग्रलेखात वाक्य वाचलं, ‘द पार्टी मस्ट गिव्ह अप इट्स ओल्ड शिबलेथ्स.’ कोश उघडला तर ‘शिबलेथ’समोर ‘परवलीचा शब्द’ असं दिलेलं. म्हणजे पक्षाने काय, जुने पासवर्ड बदलायचे? अग्रलेख कामगार धोरणावर होता, संगणकाचा त्यात मागमूस नव्हता. मुलगा म्हणतो, बाबा, छपाईची चूक असेल. तुम्हीच काय ते सांगा.
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक

उत्तर : चिरंजीवांना सांगा, छपाई बिनचूक आहे. कोशही खोटं सांगत नाही, त्याने पहिला अर्थ देऊन हात झटकलेत इतकंच. अनुवादाच्या संहिता तपासायचं काम मी बरीच वर्षं केलं. राजकारणावरचं किंवा अर्थकारणावरचं पुस्तक आलं की हा शब्द त्यात कुठेतरी दबा धरून बसलेला असायचाच. कुणी ‘परवलीचा शब्द’ लिहून मोकळं व्हायचं, कुणी ‘संकेतशब्द’. एका पठ्ठ्याने तर ‘पक्षाने आता जुन्या शिबिरांचा त्याग करावा’ असं ठोकून दिलं होतं. आणि गंमत अशी की ते वाक्य खपूनही गेलं असतं, कारण पक्ष शिबिरं घेतातच!

तुमच्या वाक्याचा अर्थ आधी देऊन टाकते: ‘घोकून घोकून गुळगुळीत झालेली आपली जुनी सूत्रं पक्षाने आता सोडावीत.’ सूत्रं म्हणजे अशी वाक्यं, जी म्हटली की माणूस आपल्यातला ठरतो आणि म्हणायचं टाळलं की त्याच्याकडे संशयाने बघितलं जातं. त्यांचा आजच्या परिस्थितीशी काही संबंध उरलाय का, हे मात्र कुणी तपासत नाही.

आता हा अर्थ आला कुठून ते बघू. शब्द हिब्रू आहे. बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या बाराव्या अध्यायात तो येतो. इफ्ताह हा गिलादवाल्यांचा सेनानायक. त्याने अम्मोनी लोकांचा पराभव केला, तेव्हा एफ्राईमच्या वंशातली माणसं बिथरली: लढायला जाताना आम्हाला का बोलावलं नाहीस? शब्दाने शब्द वाढला आणि आपसातच लढाई जुंपली. गिलादवाले जिंकले. त्यांनी यार्देन नदीचे उतार रोखून धरले, म्हणजे जिथून पाण्यात उतरून पलीकडे जाता येतं त्या जागा. पळून चाललेला एखादा तिथे यायचा आणि ‘मला पार जाऊ द्या’ म्हणायचा. पहारेकरी विचारायचे, ‘तू एफ्राईमचा का?’ तो ‘नाही’ म्हणायचा. दुसरं काय म्हणणार! मग ते म्हणायचे, ‘बरं, शिब्बोलेथ म्हण पाहू.’ त्याच्या तोंडून निघायचं ‘सिब्बोलेथ’. लगेच त्याला धरून तिथेच मारायचे. त्या वेळी एफ्राईमचे ४२,००० लोक पडले, असा आकडा त्या अध्यायात दिला आहे.

ही गोष्ट नीट वाचली तर कोशातला ‘परवलीचा शब्द’ कुठे कमी पडतो ते कळतं. परवलीचा शब्द गुप्त असतो. ज्याला तो सांगितलाय तो आत, बाकीचे बाहेर, आणि शत्रूला कळला की तो निकामी. इथे तर पहारेकरी स्वतःच तो शब्द समोरच्याच्या कानात ओततोय! एफ्राईमच्या माणसाने तो ऐकलाय, त्याला तो समजलाय, एवढंच काय, रोजच्या बोलण्यात तो वापरतोही. अडतंय ते फक्त जिभेपाशी. शिबलेथ माहीत असून भागत नाही. तो अंगात मुरलेला असावा लागतो.

आणि त्या शब्दाचा अर्थ? कणीस. बायबलमध्येच मिसरच्या फारो राजाच्या स्वप्नात सात भरलेली आणि सात करपलेली कणसं येतात, तिथे हाच हिब्रू शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ पाण्याचा लोंढा. नदीकाठची गोष्ट असल्यामुळे हा दुसरा अर्थ काही अभ्यासकांना अधिक जवळचा वाटतो. पण उतारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला कणसाशी देणंघेणं नव्हतं आणि लोंढ्याशीही. त्याला फक्त पहिला ध्वनी ऐकायचा होता. तुमच्या अग्रलेखातला अर्थ इथेच रुजलेला आहे. पक्षाच्या सभेत कुणी ठरावीक घोषणा देतो, तेव्हा ऐकणारे तिचा अर्थ तपासत नाहीत. देणारा आपल्यातला आहे एवढं त्यांना कळतं आणि तेवढ्यावर काम भागतं. सतराव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द अशा लाक्षणिक अर्थाने वापरला जाऊ लागला. पंथाची, पक्षाची, मंडळींची ओळख पटवणारं वाक्य, ही पहिली पायरी. मग बाहेरच्याला पोकळ वाटणारं वाक्य. त्याच्याही पुढे, एके काळी सगळ्यांनी मानलेली आणि आता शिळी झालेली समजूत. तुमचा अग्रलेख या शेवटच्या पायरीवर उभा आहे.

‘परवलीचा शब्द’ वापरू नये असं मी अनुवादकांना सांगायची, त्यामागे आणखी एक कारण होतं. मराठीत या शब्दप्रयोगाचंही बस्तान हललं आहे. ‘नवोपक्रम हा सध्याचा परवलीचा शब्द आहे’ असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा त्यात गुप्त काहीच नसतं. ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला, चलती असलेला शब्द एवढाच अर्थ असतो. म्हणजे ‘जुने परवलीचे शब्द’ लिहिलं तर एक वाचक पासवर्ड समजणार आणि दुसरा फॅशनमध्ये असलेला शब्द. शिबलेथ दोन्हींपैकी काहीच नाही.

मग लिहायचं काय? एकच शब्द सगळीकडे चालणार नाही, तो हट्ट सोडावा. नदीवरच्या अर्थासाठी मी ‘कसोटीचा शब्द’ लिहिते. जिथे राहणी, बोलणं, सवय यांतून माणूस ओळखला जातो तिथे ‘ओळखखूण’ बरं. पक्षाच्या बाबतीत ‘घोकलेली सूत्रं’ किंवा ‘ठरीव घोषणा’, आणि टीकेचा सूर चढा असेल तर खुशाल ‘पोपटपंची’ म्हणावं. अर्थशास्त्रावरच्या लेखात ‘कालबाह्य समजुती’ पुरतं. त्यात शिबलेथमधली आपपरभावाची छटा निसटते हे खरं, पण वाक्य तरी उभं राहतं.

प्रश्न : शिबलेथची गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण ती कधी पटली नाही. जीव जाणार असेल तर माणूस काय वाटेल ते म्हणेल. ‘स’चा ‘श’ करायला कितीसा वेळ लागतो?
— एक गृहिणी

उत्तर : तुम्हाला नाही लागणार. तुमच्या भाषेत दोन्ही आहेत. नसते तर तुम्हाला आधी तो फरक ऐकूच आला नसता, आणि जो ऐकू येत नाही तो दुरुस्त कसा करणार?

यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात आपले ‘त’ आणि ‘ट’ आहेत. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली तान्ही बाळं घेतली. त्यांना हिंदीतला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. ‘ता, ता, ता’ असं चालू असताना मध्येच ‘टा’ आला आणि बाळाने मान वळवली, की शेजारच्या पेटीतलं खेळणं उजळून हलायला लागायचं. बाळांना हे लगेच उमगतं आणि आवाज बदलला रे बदलला की ती मान वळवतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त-ट मधला फरक सहज कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. घरात हा फरक कुणी करतच नाही, तेव्हा त्याकडे लक्ष कशाला द्यायचं, असा निर्णय ते कान वर्षाच्या आत घेऊन टाकतात. हिंदी घरातल्या बाळांचं तसं होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मोठेपणी शिकता येतंच नाही असं नाही. जपानी भाषकांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकायला शिकवता येतं, पण त्याला काही आठवड्यांचा नेटाचा सराव लागतो. उतारावरच्या माणसाकडे आठवडे नव्हते. आपल्याकडेही ‘हे सुंदर जग’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतला ‘ज’ लिहायला एक आणि म्हणायला दोन. मराठीत वाढलेला माणूस विचार न करता बरोबर म्हणतो. नंतर मराठी शिकलेला, कितीही व्यासंगी असो, कधी ना कधी इथे पकडला जातोच. एफ्राईमच्या माणसाचा नेमका कोणता ध्वनी अडत होता, यावर हिब्रूच्या अभ्यासकांत आजही वाद आहे. इतकं मात्र लक्षात घ्या, की तो परका नव्हता. दोघेही इस्राएलच्याच वंशातले, देव एक, भाषा एक. चेहऱ्यावरून किंवा कपड्यांवरून माणूस कळला असता तर त्याला बोलायला लावायची गरजच पडली नसती.

पुढेही असे शब्द अनेकदा वापरले गेल्याच्या कथा आहेत. १३०२ च्या मे महिन्यात आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात फ्लेमिश लोकांनी फ्रेंच सैन्यावर पहाटे हल्ला केला. अंधारात फ्रेंच कोण हे ओळखायला त्यांनी ‘स्खिल्ड एन व्रिंड’, म्हणजे ‘ढाल आणि मित्र’, असं म्हणायला लावलं, अशी परंपरागत कथा आहे. त्यातला ‘स्ख’ फ्रेंच जिभेला झेपत नाही. दुसऱ्या महायुद्धात डच लोक हेच काम समुद्रकाठच्या ‘स्खेवेनिंगेन’ या गावाच्या नावावर करून घेत. जर्मन माणूस ते हटकून ‘श’ने सुरू करायचा. २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर युक्रेनमध्ये ‘पाल्यानीत्स्या’ या पावाच्या नावाने तीच जागा घेतली.

या कथांमध्ये ऐकणाऱ्याला एक प्रकारची मौज वाटते, कारण चतुराई दुबळ्याच्या बाजूने असते. म्हणून १९३७ सालचं उदाहरण मी मुद्दाम सांगते. कॅरिबियन समुद्रात एकाच बेटावर दोन देश आहेत: पश्चिमेला हैती, पूर्वेला डॉमिनिकन प्रजासत्ताक. हैतीत क्रेओल बोलतात, पलीकडे स्पॅनिश. डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याच्या आदेशावरून त्या ऑक्टोबरमध्ये सरहद्दीलगत राहणाऱ्या हैतीयन लोकांची कत्तल झाली. मेलेल्यांचे अंदाज बरेच वेगवेगळे आहेत, पण सगळे हजारोंच्या घरातले. या कत्तलीला ‘पार्स्ली’चं नाव चिकटलं, कारण सैनिक कोथिंबिरीसारख्या त्या पाल्याची जुडी समोर धरून ‘हे काय?’ असं विचारायचे असं सांगतात. स्पॅनिशमध्ये ‘पेरेहिल’. त्यातला ‘र’ जिभेच्या टोकाने म्हणायचा, आणि क्रेओलचा ‘र’ घशाकडून येतो.

पण काही इतिहासकार या कथेवर बोट ठेवतात. त्या सरहद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलणारी माणसं राहत होती. एकमेकांत लग्नं झालेली होती. तिथे जन्मलेल्या कित्येकांना ‘पेरेहिल’ व्यवस्थित म्हणता येत असणार, आणि तरी ते मारले गेले. कुणाला मारायचं हे आधी ठरलेलं होतं. शब्द विचारणं हा उपचार. ‘सिब्बोलेथ’ म्हणणाऱ्याला मारलं हे शास्त्यांच्या पुस्तकात आहे. ‘शिब्बोलेथ’ नीट म्हणूनही कुणाला मारलं का, याबद्दल ते पुस्तक काही बोलत नाही. मला ती ओळ वाचताना हा प्रश्न नेहमी पडतो.

प्रश्न : तलवारी आणि बंदुका सोडून आजच्या साध्या जगण्यात शिबलेथ कुठे दिसतो? मी भाषा शिकवते, वर्गात सांगायला उदाहरणं हवी आहेत.
— एक शिक्षिका

उत्तर : सगळ्यात छोटं उदाहरण एका अक्षराचं आहे. उत्तर आयर्लंडमध्ये इंग्रजी वर्णमालेतल्या आठव्या अक्षराला प्रोटेस्टंट घरांत ‘एच’ म्हणतात आणि कॅथलिक घरांत ‘हेच’. शाळा वेगळ्या, त्यामुळे मुलं लहानपणापासून ते तसंच म्हणतात. माणसाला फक्त वर्णमाला म्हणायला सांगितली तरी पंथ कळतो. तलवारी सोडून म्हणालात म्हणून सांगते, तिथल्या अशांततेच्या काळात हे अक्षर चुकीच्या गल्लीत चुकीच्या तऱ्हेने म्हणणं धोक्याचं होतं.

वर्गात हशा पिकवायचा असेल तर इंग्लंडची गोष्ट घ्या. बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये एक निबंध लिहिला, आणि तो छापला कुठे, तर फिनलंडमधल्या एका विद्वज्जड नियतकालिकात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमधला वरचा वर्ग आता इतरांपेक्षा जास्त शिकलेला, जास्त स्वच्छ किंवा जास्त पैसेवाला असेलच असं नाही. तो ओळखू येतो फक्त भाषेवरून. मग त्यांनी शब्दांच्या जोड्या दिल्या. आरशाला वरचा वर्ग ‘लुकिंग-ग्लास’ म्हणतो, बाकीचे ‘मिरर’. जेवताना मांडीवर घ्यायच्या रुमालाला वरचा वर्ग ‘नॅपकिन’ म्हणतो, बाकीचे ‘सर्व्हिएट’. श्रीमंताला हे ‘रिच’ म्हणतात, ते ‘वेल्दी’. पुढच्या वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी हे सगळं एका मासिकात मांडलं आणि देशभर धमाल उडाली. ज्याला त्याला आपण कुठल्या रकान्यात बसतो याची चिंता!

या जोड्या विद्यार्थ्यांसमोर ठेवा आणि विचारा, यांतला भारदस्त शब्द कोणता? ती हमखास ‘सर्व्हिएट’ आणि ‘वेल्दी’कडे बोट दाखवतील. आणि तिथेच तर पकड आहे. वर चढू पाहणाऱ्या मध्यमवर्गाने चांगलं दिसावं म्हणून गोंडस शब्द उचलला, आणि ज्यांना चांगलं दिसायची गरजच नव्हती ते साधाच शब्द वापरत राहिले. प्रयत्न दिसला की माणूस सापडला. मला या निबंधातला उद्दामपणा आवडत नाही, पण निरीक्षण पक्कं आहे हे मान्य करावंच लागतं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये तिथल्या तीन मोठ्या दुकानांत चाचणी घेतली: एक उंची, एक मध्यम, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं, मग खालच्या विक्रेत्याला ती वस्तू कुठे आहे ते विचारायचं. उत्तर ठरलेलं, ‘फोर्थ फ्लोर’. या दोन शब्दांत ‘र’ दोनदा येतो, आणि न्यूयॉर्कच्या जुन्या बोलीत तो गिळला जायचा. लबॉव्ह मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचा, म्हणजे विक्रेता तेच शब्द सावकाश, सांभाळून म्हणायचा. दोन पावलं बाजूला जाऊन कागदावर नोंद, की पुढचा विक्रेता. उंची दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. मधल्या दुकानातले लोक पुन्हा सांगताना ‘र’ची आठवण ठेवत, तो कुणाचा ‘र’ आहे हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं.

व्याकरणाचे नियमही शिबलेथ होतात. इंग्रजीत ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घुसवू नये, हा नियम एकोणिसाव्या शतकात बोकाळला. तो मोडल्याने वाक्याचा अर्थ कधी बिघडत नाही. मोडणारा कुठल्या शाळेत शिकला असेल एवढीच शंका येते. इंग्रज कोशकार फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध वापरकोशात या नियमावरून इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच गट पाडले. पहिला गट कसला, तर ज्यांना हा नियम माहीतही नाही आणि त्याची पर्वाही नाही अशांचा. हेच बहुसंख्य आणि सुखी लोक, त्यांचा हेवा वाटावा, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. इंग्रजी वापराच्या पुस्तकात अमुक नियम ‘इज मिअरली अ शिबलेथ’ असं दिसलं तर अर्थ हाच घ्या: हा नियम कळण्यासाठी नाही, कळपासाठी आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी निबंधात हा शब्द वापरू का? ‘मंत्रा’, ‘बझवर्ड’, ‘सेक्रेड काऊ’ आणि हा, यांत फरक काय?
— एक परीक्षार्थी

उत्तर : वापरा, पण निबंधात एकदाच. दोनदा आला की परीक्षकाला वाटतं, काल पाठ केलेला दिसतो.

‘बझवर्ड’ आज चलतीत आहे, उद्या नसेल. शिबलेथला जुनेपणाचा वास हवा. ‘मंत्रा’ हा आपलाच मंत्र, इंग्रजीत जाऊन ‘सतत म्हटलं जाणारं वाक्य’ झालेला. तो माणूस एकटाही जपू शकतो. शिबलेथला ऐकणारा लागतो, आणि आतले-बाहेरचे असे दोन तट लागतात. ‘सेक्रेड काऊ’वर टीका करता येत नाही, शिबलेथवर करता येते, मात्र करणारा त्या क्षणी बाहेरचा होतो. ‘क्लिशे’शीही लोक गल्लत करतात. क्लिशे कंटाळवाणा असतो, त्याने कुणाची ओळख पटत नाही.

सोबत येणारी विशेषणं बहुधा ‘ओल्ड’, ‘टायर्ड’, ‘पोलिटिकल’, ‘आयडिऑलॉजिकल’. क्रियापदं ‘क्लिंग टु’, ‘अबँडन’, ‘चॅलेंज’, ‘रिपीट’. ‘दे स्टिल क्लिंग टु द शिबलेथ्स ऑफ द लास्ट सेंच्युरी’ हे वाक्य कुठेही शोभेल. स्वतःच्या मताला मात्र कुणी शिबलेथ म्हणत नाही. शब्दात हेटाळणी आहे, त्यामुळे तो नेहमी समोरच्याचाच असतो. ‘आय बिलीव्ह इन द शिबलेथ ऑफ इक्वॅलिटी’ असं लिहिलंत तर समतेची थट्टा केल्यासारखं होईल. एका सराव-निबंधात मी हे वाक्य प्रत्यक्ष वाचलं आहे, म्हणून सांगते.

प्रश्न : मुलगी परदेशी विद्यापीठात आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शिरताना तिला ‘शिबलेथ’ असं लिहिलेलं दिसतं. तो हाच का?
— एक पालक

उत्तर : हाच. ती संगणकप्रणाली आहे. काम २००० मध्ये सुरू झालं आणि पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. विद्यापीठात एकदा ओळख पटली की प्रत्येक नियतकालिकाच्या दारात वेगळा पासवर्ड द्यावा लागत नाही. हा आमचा विद्यार्थी आहे अशी हमी विद्यापीठच पुढे पाठवतं. नाव ठेवणाऱ्यांनी ‘आपला की परका’ एवढंच गोष्टीतून उचललं आणि नदीकाठी पुढे काय होतं ते सोडून दिलं.

त्याच नावाची एक कलाकृतीही आहे. कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात प्रचंड टर्बाइन हॉलच्या काँक्रीटच्या जमिनीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली आणि तिला ‘शिबलेथ’ म्हटलं. दाराशी केसाएवढी, पुढे रुंद होत गेलेली. स्थलांतरिताला जी सरहद्द सतत जाणवते ती त्यांना दाखवायची होती. सूचना लावल्या होत्या तरी काही प्रेक्षक तिच्यात पाय अडकून पडले. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली, पण जमिनीवरचा वण राहिला.

प्रश्न : शेवटी, उच्चार कसा करायचा?
— बरेच जण

उत्तर : इंग्रजीत जोर पहिल्या ‘शि’वर, मधला स्वर जवळजवळ गिळलेला: ‘शिब्‌-अ-लेथ’. ‘शिबोलेथ’ असा ‘बो’वर जोर देऊ नये. अनेकवचनाला नुसता ‘स’ लागतो. शेवटचा ‘थ’ मात्र आपला नाही. आपला ‘थ’ जीभ दातांना टेकवून हवा अडवतो आणि सोडतो. इंग्रजीत जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा नुसती घासत जाऊ द्यायची. आपल्यातले बहुतेक जण आपलाच ‘थ’ म्हणतात, आणि इंग्रजाच्या कानाला ते पहिल्या फटक्यात कळतं. फ्रेंच माणूस तिथे ‘स’ म्हणतो, जर्मनही. आजच्या हिब्रूत तर हा ध्वनीच उरलेला नाही. तिथले लोक ‘शिबोलेत’ म्हणतात, त्यामुळे इंग्रजी उच्चाराच्या परीक्षेत तेही आपल्याच बाकावर बसतील.